कॅप्टन अमेरिकाची ढाल डी अँड डीच्या टेबलावर: आधी रिकामा हात, मग आकडे

एका डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, चौथ्या लेव्हलचा फायटर (योद्धा), आणि खेळाडूला हवी आहे कॅप्टन अमेरिकाची ढाल. डीएमने मसुदाही केला आहे: हल्ल्याच्या फाशाला, डॅमेजला आणि एसीला (फटका लागायला २० बाजूंचा फासा अधिक बोनस जिथवर पोचावा लागतो तो आकडा) +३, फेकली तर २डी१० (दहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज, तीन शत्रूंवर आपटून लगेच हातात परत, आणि कशानेही न तुटणारी. "हे ओपी (अति ताकदवान) होतंय का? होत असेल तर कुठे कापू?"

होतंय. पण मला वाटतं तुम्ही कापाल तिथे दुखणं नाहीये.

आधी हिशेब करून टाकू. तुमच्या फायटरची स्ट्रेंग्थ १८ धरली तर त्याचा हल्ल्याचा बोनस +६, या ढालीमुळे +९. समोर एसी १५ असेल तर ७५ टक्के वेळा लागणार. एका फटक्याचं सरासरी डॅमेज १८, तीन शत्रूंचं मिळून दर टर्नला साधारण ४०. तोच माणूस लाँगसोर्ड आणि ड्युएलिंग (एकाच शस्त्राने लढायची स्टाइल, डॅमेजला +२) घेऊन लढला तर दर टर्नला सरासरी ६.३. ऑर्क या राक्षसाचे एचपी (जीव) १५ असतात, म्हणजे प्रत्येक टप्प्याला बहुतेक वेळा एक ऑर्क आडवा. विझर्डला (जादूगाराला) फायरबॉल हा मंत्र मिळायला अजून एक लेव्हल आहे, आणि मिळाल्यावरही तो मंत्रांचा मोजका स्लॉट खर्च करून टाकणार. इथे फायटर काहीही न खर्चता रोज, दर टर्नला हे करतोय. तुमच्या टेबलावरचा विझर्ड दुसऱ्या सेशनला मोबाइल बघायला लागेल.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, +३चं +१ करतो, २डी१०चं १डी८ करतो. करा. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. ओपी राहिलं नाही, पण मजाही राहिली नाही. त्या ढालीत नेमकं काय आहे हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. मार्च १९४१ अशी तारीख छापलेल्या कॅप्टनच्या कॉमिकच्या पहिल्या अंकात त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी कॅप्टनच्या हातात जी ढाल दिली ती त्रिकोणी होती. एमएलजे या दुसऱ्या प्रकाशनाचा 'द शील्ड' नावाचा तिरंगी पोशाखातला नायक आधीच बाजारात होता, दोन्हींचा आकार फार सारखा दिसतो अशी तक्रार आली, आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. फेकायची कल्पना आली तिसऱ्या अंकात, तीही चित्रकथेत नाही, पानं भरायला घातलेल्या एका छोट्या गद्य कथेत. ती लिहिणाऱ्या पोराचं वय होतं १८ आणि त्याने नाव लावलं होतं स्टॅन ली. म्हणजे ही वस्तू मुळात ढाल आहे. फेकणं मागून आलं. आणि फेकण्यात थरार आहे तो याचाच की माणूस आपलं एकमेव संरक्षण स्वतःच्या हाताने दूर भिरकावतो आणि ते परत येईपर्यंत उघडा उभा राहतो.

हा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येक टेबलावर कुणीतरी म्हणतंच, "अरे, म्हणजे सुदर्शन चक्रच की!" परत येतं हे खरं, पण फरक मोठा आहे. चक्र सुटलं म्हणून कृष्णाचा काही आडोसा जात नाही. कॅप्टनचा जातो. डी अँड डीतलं ड्वार्व्हन थ्रोअर (जादूचा हातोडा) हे चक्राच्या जातीचं: फेका, लागो न लागो, त्याच क्षणी हातात. हातोडा म्हणून ते उत्तम आहे, कारण हातोडा गेल्याने एसी कमी होत नाही. ढालीला तोच नियम लावला की दोन्हीकडून फायदा मिळतो आणि किंमत काहीच द्यावी लागत नाही. तुमच्या मसुद्यातला खरा घोळ "लगेच हातात परत" या तीन शब्दांत आहे. २डी१०चा प्रश्न नंतरचा.

माझ्या टेबलावर ही ढाल तीनदा बदलली. पहिल्या रूपात लागली तर परत यायची, चुकली तर पलीकडे जाऊन पडायची. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात आमचा फायटर अर्धी लढाई ढाल वेचत फिरायचा. त्यातही २०१४च्या नियमांत ढाल चढवायला आणि उतरवायला टर्नमधली मुख्य कृती, म्हणजे एक-एक अ‍ॅक्शन लागते, म्हणजे उचलली तरी ती टर्न वाया. चौथ्या सेशनला तो म्हणाला, "मला साधा भाला दे रे बाबा." दुसऱ्या रूपात मी लाजून उलट्या टोकाला गेलो: नेहमी, लगेच परत. तीन सेशन सगळे खूश, मग लक्षात आलं की तो दर टर्नला एकच वाक्य बोलतोय. "ढाल फेकतो." विचार करायला काही उरलंच नव्हतं.

तिसरं रूप सुचलं ते जुनी पुस्तकं चाळताना. ३.५ आवृत्तीत 'रिटर्निंग' शस्त्र लगेच परत येत नसे. फेकणाऱ्याच्या पुढच्या टर्नच्या अगदी आधी यायचं. मधल्या काळात शत्रू आपापली टर्न खेळून घ्यायचे. बस, मला हवी होती ती हीच फट. फक्त ती दरवेळी लादायची नाही, खेळाडूने स्वतः निवडायची. हल्ली मी असा मजकूर देतो:

ढाल, रेअर (दुर्मिळ), अट्यूनमेंट (वस्तूशी जुळवून घेणं) लागते. हातात असेल तर एसीला एकूण +३ (ढालीचे नेहमीचे २ आणि वर १). हल्ल्याला जादुई बोनस नाही. ज्याला ढालीची प्रोफिशियन्सी (सराव) आहे त्याला ती शस्त्र म्हणूनही वापरता येते: मेली (हातघाईचं) शस्त्र, थ्रोन (फेकता येणारं), पल्ला २०/६० फूट, १डी६ ब्लजनिंग (ठेचणारं) डॅमेज. साधी फेक: अटॅक अ‍ॅक्शनमधल्या एका हल्ल्याऐवजी फेका, त्या टर्नच्या शेवटी ढाल परत येऊन हातावर चढते. मोठी फेक: पूर्ण अ‍ॅक्शन. पहिल्या शत्रूवर हल्ला करा; लागला तर त्याच्यापासून १५ फुटांतल्या दुसऱ्यावर, तोही लागला तर तिथून १५ फुटांतल्या तिसऱ्यावर. चुकली की साखळी तिथेच संपते. ज्याला लागेल त्याला तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत दुसऱ्याच्या टर्नमधली झटपट कृती, म्हणजे रिअ‍ॅक्शन घेता येत नाही. ढाल तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला परत येते. तोवर तिचा एसी नाही आणि तिची (खाली सांगितलेली) रिअ‍ॅक्शन नाही.

यात किंमत किती पडते बघा. फायटरने चेनमेल (साखळ्यांचं चिलखत) घातलंय, म्हणजे एसी १६, ढालीसकट १९. समोर ओगर हा धिप्पाड राक्षस. त्याचा बोनस +६. ढाल हातात असताना त्याचे २० पैकी ८ आकडे लागतात, ढाल हवेत असताना ११. आणि त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३चा. मी मुद्दाम जादुई बोनस हल्ल्याला न देता एसीला दिलाय तो यासाठीच: ढाल जितकी चांगली, तितकं ती फेकणं महाग. पुढे कधी ती +२ केलीत तर फेकण्याआधीचा विचार आणखी लांबेल, आणि त्यासाठी तुम्हाला वेगळा नियम लिहावा लागणार नाही.

मिळकत किती? चौथ्या लेव्हलला एसी १५ समोर मोठ्या फेकीचं सरासरी डॅमेज ८.८ येतं, तलवारीच्या ६.३पेक्षा चांगलं. पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळाला की पारडं उलटतं: तलवार १३.६, मोठी फेक १०.१. इथे बरेच डीएम घाबरून ढालीचं डॅमेज वाढवतात. वाढवू नका. पाचव्या लेव्हलनंतर मोठी फेक मारामारीसाठी राहातच नाही, ती साथीदारांना मोकळं करण्यासाठी होते. तीन शत्रूंच्या रिअ‍ॅक्शन गेल्या की त्यांच्या गराड्यात अडकलेली क्लेरिक (पुजारीण) ऑपॉर्च्युनिटी अटॅकची (दूर जाणाऱ्यावर मारायच्या फटक्याची) भीती न बाळगता चालत बाहेर पडते. मला विचाराल तर कॅप्टन अमेरिका म्हणजे हेच. सगळ्यांत जोरात मारणारे त्याच्या टोळीत दुसरे असतात.

आणि हात रिकामा होतो हे विसरू नका. त्याचा नुसता तोटा नाही. दुसऱ्या लेव्हलपासून फायटरकडे अ‍ॅक्शन सर्ज (त्याच टर्नमध्ये आणखी एक अ‍ॅक्शन) असतो. मोठी फेक, मग सर्ज, मग त्या मोकळ्या हाताने कड्यावरून पडणाऱ्या सोबत्याला धरणं किंवा शत्रूच्या मानगुटीला धरून ग्रॅपल. पण मग पुढच्या टर्नला ढाल परत येते तेव्हा हात भरलेला. माझा नियम: हात भरलेला असेल तर ढाल पायाशी पडते, आणि हात सुटला की उचलून चढवणं ही त्या टर्नची फुकटची एक हालचाल. "ढाल घेतोस की त्याला सोडत नाहीस?" हा प्रश्न मी आजवर तीनदा विचारलाय आणि तिन्ही वेळा टेबल गप्प झालंय.

टप्पे मारण्याबद्दल एक गोष्ट, जी नियमात लिहिलेली नाही पण मी देतो. कॅरम खेळलेल्या माणसाला रिबाउंड समजावून सांगावा लागत नाही. समोरची सोंगटी अडली असेल तर स्ट्रायकर कडेवर मारून मागून काढतात. तसंच इथे. खेळाडूने नकाशावर बोट ठेवून भिंत, खांब किंवा चिलखती पुतळा दाखवला, कोन पटण्यासारखा असला, तर त्या फेकीला समोरच्याचं अर्धं आणि पाऊण कव्हर (आडोसा) लागू होत नाही. म्हणजे त्याचे २ किंवा ५ एसी गेले. डॅमेज वाढवण्यापेक्षा खेळाडूला हे कितीतरी जास्त आवडतं, कारण युक्ती त्याची असते. मोकळ्या मैदानात अर्थातच काही मिळत नाही. मिळू पण नये.

आता शब्दांचे सापळे. होमब्रूत (घरी बनवलेल्या नियमांत) माणसं आकड्यांवर भांडतात आणि वर्गवारीच्या एका शब्दाने फसतात. 'मेली शस्त्र, थ्रोन' हे मी सहज लिहिलेलं नाही. 'रेंज्ड शस्त्र' म्हटलंत तर शार्पशूटरचं उणे पाच–अधिक दहा (हल्ल्याला -५, डॅमेजला +१०) आणि आर्चरी स्टाइलचे +२ दोन्ही लागू होतात. 'फिनेस' (चपळाईने चालवायचं शस्त्र) दिलंत तर एखादा रोग (चोर-पात्र) एका लेव्हलचा फायटर घेऊन येईल आणि ढालीने स्नीक अटॅक (जादा डॅमेजचा चोरटा वार) करेल. पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) जादा डॅमेज देणारा डिव्हाइन स्माइट मेली हल्ल्यालाच लागतो, त्यामुळे ढालीने समोरासमोर ठोसलं तर चालेल, फेकली तर नाही. बार्बेरियनच्या रेजचं डॅमेज तसंच. याउलट बॅटलमास्टर या फायटरच्या प्रकारातल्या ट्रिप अटॅकसारख्या डावपेचांना फेकलेली ढाल चालते. चालू द्या, छान दिसतं.

ड्युएलिंगचा गुंता वेगळा. त्या स्टाइलची अट आहे की एका हातात मेली शस्त्र आणि दुसरं शस्त्र नाही. ढालीला शस्त्र म्हटल्याबरोबर बिचाऱ्याच्या तलवारीचे +२ गेले. म्हणून मजकुरात एक ओळ घाला: "हिने हल्ला करत असाल त्या क्षणापुरतीच ही ढाल शस्त्र मानावी." आणि शत्रू पाच फुटांत खेटून असताना फेकली तर दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज, कारण फेक हा रेंज्ड हल्लाच असतो. हे नवे डीएम हमखास विसरतात. खेटलेल्याला ढालीने सरळ ठोसा. २०२४च्या सुधारित नियमांवर खेळणार असाल तर शब्द थोडे बदला, पण ढाल चढवायला अ‍ॅक्शन लागते हे तिथेही आहे, त्यामुळे "परत येऊन हातावर चढते" हे शब्द गाळू नका.

"कशानेही न तुटणारी" यावर तुम्ही बराच विचार केलेला दिसतो. मी करणार नाही. पाचव्या आवृत्तीत शत्रू ढाल फोडायला बसतच नाहीत, त्यामुळे तो गुण कागदावरच राहतो. कॉमिक्समधल्या धातूचा कामाचा गुण दुसराच आहे: तो आघात पिऊन टाकतो. त्याची रिअ‍ॅक्शन करा. ढाल हातात असताना ब्लजनिंग, थंडर, फोर्स किंवा पडण्याचं डॅमेज झालं तर १डी१० अधिक प्रोफिशियन्सी इतकं कमी. दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा. पडण्याचं मुद्दाम घातलंय. दर १० फुटांना १डी६ या हिशेबाने तीस फुटांवरून पडणं साधारण साडेदहाचं, आणि चौथ्या लेव्हलला ही रिअ‍ॅक्शन सरासरी साडेसात खाते. तुमचा खेळाडू पहिली संधी मिळताच खिडकीतून ढालीवर उडी मारणार. मारू दे.

आता कथेत ती आली कुठून? 'व्हायब्रेनियम' हे त्या धातूचं नाव तेवढं वगळा, पण मूळ कथेतली एक गोष्ट जरूर उचला. मायरन मॅक्लेन नावाचा धातुतज्ज्ञ पोलाद आणि व्हायब्रेनियम एकत्र करण्याच्या खटपटीत भट्टीपाशीच झोपी गेला, तेवढ्यात मिश्रणात काहीतरी अज्ञात पडलं, आणि ढाल तयार झाली. पुन्हा ती त्याला कधीच जमली नाही. जमवण्याच्या नादात त्याच्या हातून कॉमिक्समधला दुसरा अभेद्य धातू अ‍ॅडमँटियम घडलं. फँटसीत हे जसंच्या तसं बसतं. एक ड्वार्फ लोहार, तीन रात्रींचं जागरण, डुलकी, आणि उठून बघतो तर मुशीत असं काही जे त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्या घराण्याने नंतर शंभर वर्षं प्रयत्न करून जे मिळवलं ते साधं अ‍ॅडमँटीन. म्हणजे तुमच्या जगात सगळीकडे मिळणारा भारी धातू हा त्या एका ढालीचा फसलेला नमुना. खेळाडूच्या हातातली वस्तू जगातली एकमेव आहे हे सांगायला यापेक्षा स्वस्त युक्ती नाही. आणि ती पुन्हा कशी बनवायची हे विचारत येणारी माणसं तुम्हाला आयतीच मिळतात.

ढाल परत का येते, जादूने की कौशल्याने? साठच्या दशकातल्या कॉमिक्समध्ये काही काळ टोनी स्टार्कने बसवलेल्या चुंबकांची सोय होती, नंतर कॅप्टनने ती काढून टाकली. मी कौशल्य म्हणतो, आणि अट्यूनमेंट म्हणजे त्या ढालीचा तोल अंगात मुरणं. त्यामुळे दुसऱ्या कुणी उचलून फेकली तर ती नुसतीच एक जड थाळी, लागली तर लागली, परत येणार नाही.

एक दुबळी बाजू ठेवाच, आणि ती नियमांतच तयार आहे: हीट मेटल. दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, ड्रुइड आणि बार्ड दोघांकडे. धातूची वस्तू तापते, धरणाऱ्याला २डी८ फायर डॅमेज, आणि टाकून दिली नाही तर हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज. पट्ट्याने बांधलेली ढाल टाकायला अ‍ॅक्शन लागते. आमच्या फायटरने मात्र तोड काढली: तापली की लगेच मोठी फेक. डिसअ‍ॅडव्हान्टेजने चुकली तरी हातातून तर गेली! मी ते मान्य केलं आणि तापलेली ढाल लागली त्याला १डी४ जास्तीचं डॅमेज दिलं. पुढच्या टर्नला ती परत आली तेव्हा तशीच लाल होती, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न: खलनायकाने ढाल हवेतच पकडली तर? चालेल, पण एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या कथेत) एकदाच, आणि ज्याचं नाव खेळाडू दहा सेशन ऐकत आलेत अशानेच. नियम सोपा ठेवा. मोठी फेक त्याच्यावर चुकली, आणि त्याची रिअ‍ॅक्शन शिल्लक असली, तर ती त्याच्या हातात. ढाल पुढच्या टर्नला परत येत नाही, अट्यूनमेंट तुटत नाही. आमच्याकडे ही वेळ आली तेव्हा फायटरने साखळीत त्याला तिसरा धरला होता. पहिले दोन लागले, तिसरा फासा पडला ४. मी पडद्यामागून काहीच बोललो नाही, फक्त खलनायकाची मिनिएचर उचलली आणि ढालीचं टोकन तिच्या पायाशी ठेवलं. त्यानंतर एक पूर्ण राउंड तो खेळाडू डी२० मुठीत आवळून बसला होता, त्याची टर्न नसताना.